चुका निरंक

अंकिताच्या हातून बॉल सुटला, हे दादासो बर्गे नाकारत नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की तो तिच्या एकटीच्या हातून सुटलेला नाही.

आता सॉफ्टबॉलमध्ये उंच उडालेला बॉल डाव्या कोपऱ्यात, म्हणजे लेफ्ट फील्डला येतो, तेव्हा तिथं एकच पोरगी उभी असते. बाकीच्या आठ जणी, पंच, दोन्हीकडचे पालक आणि कुंपणावर बसलेली रिकामटेकडी मंडळी फक्त बघत असतात. त्या रविवारी साताऱ्याच्या पोरींशी सामना होता आणि कोरेगावच्या शाळेकडून त्या कोपऱ्यात अंकिता बर्गे, वय वर्षे चौदा, उभी होती. बॉल तिच्या हातमोज्यात आला, हातमोज्यातून बाहेर पडला आणि कोरेगाव एका रननं हरलं. घडलं ते एवढंच. पण दिवेलागणीपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकोणतीस मेसेज पडले. त्यातल्या सव्वीस मेसेजांत अंकिताचं नाव होतं. उरलेल्या तिनांत नुसता कपाळाला हात लावलेला पिवळा माणूस होता. दादासोंना तो पिवळा माणूस जास्त लागला.

दादासो एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. सगळं कोरेगाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. चूक ही कधी एका माणसाची नसते. ती साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या टेबलांवरून फिरत येते आणि ज्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं त्याच्या टेबलावर मुक्काम करते. म्हणून चूक झाली की पहिल्यांदा जबाबदारी निश्चित करायची असते. चूक दुरुस्त वगैरे करायची ती त्यानंतर, वेळ उरला तर.

त्यांनी कपाटातून एक कोरी लांब वही काढली, पट्टीनं रकाने आखले आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘क्षेत्ररक्षणातील चुकांची नोंदवही.’ अक्षर इतकं सुरेख आलं की त्यांचं निम्मं दुःख तिथंच हलकं झालं.

“आवं, पोरगी उपाशी झोपायला निघालीय आन् तुमी रेघा काय मारत बसलाय?” संयोगिताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“तिच्यासाठीच चाललंय,” दादासो म्हणाले. “सव्वीस मेसेज हायेत. प्रत्येकाला उत्तर द्यायचं न्हाई, चौकशी लावायची.”

शेजारच्या भिंतीवरून सुभेदार तात्याबा डोकावले. तात्याबा फौजेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत दादासोंच्या घरातला एकही प्रश्न त्यांच्या सल्ल्याशिवाय सुटला नव्हता. खरं म्हणजे सल्ल्यानंतरही सुटला नव्हता, पण तो भाग वेगळा.

“भाऊसाहेब, वही-बिही कायला पायजे?” तात्याबा म्हणाले. “फौजेत एकानं चूक केली की अख्ख्या पलटणीला रगडा. सगळ्या पोरींस्नी मैदानाला धा चक्कर. चूक कुणाची, हा सवालच ऱ्हात न्हाई.”

“सुभेदार, ती पद्धत अन्यायाची हाय.”

“हाय की. पर सगळ्यांवर सारखा अन्याय हाय!”

दादासोंना हे तत्त्व म्हणून पटलं नाही. पोरींना दहा चकरा मारायला लावल्या तर त्यात अंकिताही पळणार, हेही एक कारण होतं.

संघाच्या प्रशिक्षक उत्कर्षा मॅडम मूळच्या सांगलीच्या. स्वतः राज्य पातळीवर खेळलेल्या. शाळेत त्यांच्याकडं सॉफ्टबॉल, खो-खो, कवायत आणि प्रत्येक राष्ट्रीय सणाची रांगोळी एवढी खाती होती. संघाची पत्रं, अर्ज, परवानग्या सगळं दादासो टाइप करून द्यायचे, त्यामुळं मॅडमना त्यांना एकदम नाही म्हणता येईना.

“भाऊसाहेब, चूक झाली की मुलीनं हात वर करायचा, बाकीच्यांनी ‘पुढचा’ म्हणायचं आणि पुढचा बॉल खेळायचा. माझी एवढीच पद्धत आहे,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, पण त्याची नोंद कुठं राहते?”

“राहत नाही.”

नोंद राहत नाही हे वाक्य दादासोंनी आयुष्यात प्रथमच इतक्या शांतपणे उच्चारलेलं ऐकलं. त्यांना मॅडमची काळजी वाटली. शेवटी मॅडम म्हणाल्या, “एक महिना करून बघा. आपल्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला अजून दोन महिने आहेत. मग मात्र मी सांगेन तसं.” स्वयंपाकात लुडबुड करणाऱ्या पाहुण्याला घरची बाई वाटाणे सोलायला बसवते, तसा काहीसा त्यांचा हेतू असावा. पण दादासोंनी ते बोलणं लेखी मान्यतेसारखं घेतलं.

मंगळवारी नऊही पोरींच्या हातात कागद पडले. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, रविवारच्या सामन्यात सातव्या डावात लेफ्ट फील्डकडे आलेला चेंडू सुटण्याच्या घटनेत आपला सहभाग काय होता, याचा लेखी खुलासा तीन दिवसांचे आत सादर करावा.’ पोरी आठवी-नववीतल्या. त्यांना ‘खुलासा’ म्हणजे आधी काय ते कळेना. कळल्यावर मात्र त्यांनी असे खुलासे लिहिले की दादासोंना आपल्या कार्यालयाच्या भवितव्याबद्दल निश्चिंत वाटलं. सेकंड बेसवरच्या पोरीनं लिहिलं, ‘मी बॉलकडे बघत नव्हते, कारण अंकिता बघत होती.’ कॅचरनं लिहिलं, ‘माझ्या तोंडावर जाळी असल्याने मला त्या दिवशी काहीच नीट दिसले नाही.’ एकीनं शिंक आल्याचं कळवलं होतं, आणि सोबत आईची सही होती.

सगळ्यात आखूड खुलासा घरातून आला. ‘बॉल माझ्या हातात आला होता. माझ्याकडून सुटला. परत असा आला तर पकडीन. अंकिता.’

दादासोंनी तो लाल पेनानं शेरा मारून परत केला. “अंकू, ह्यात कारणच न्हाई. ऊन डोळ्यावर आलं असं लिही.”

“पप्पा, ऊन माझ्या पाठीमागं होतं.”

“मग वारा?”

“वारा नव्हता.”

“बाळा, थोडा तरी असंलच की!”

अंकितानं तोच कागद पुन्हा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सायकलची चेन बसवायला निघून गेली. एवढी सरळ पोरगी आपल्या पोटी कशी आली, याचा दादासोंना अभिमानही वाटला आणि सरकारी नोकरीत हिचं कसं होणार, म्हणून काळजीही वाटली.

आठवडाभरात चौकशी अहवाल तयार झाला. चौदा पानं. त्यात त्या एका बॉलची जबाबदारी टक्केवारीत वाटली होती. अंकिता पंधरा टक्के. मैदानातला खड्डा वीस टक्के. आरडाओरडा करणारे पालक दहा टक्के. आणखी पंचवीस टक्के इकडं तिकडं वाटून उरलेली तीस टक्के पिचर जीनत मुलाणीवर आली, कारण मुळात तिनं तो बॉल टाकलाच नसता तर तो उडालाच नसता.

जीनतचे वडील शमशेर मुलाणी बाजारपेठेत शिलाईचं दुकान चालवायचे. संघाचे गणवेश त्यांनीच शिवले होते, आणि दादासोंच्या सगळ्या पँटा गेली पंधरा वर्षं तेच शिवत. अहवाल ग्रुपवर पडला त्या दिवशी दादासो उसवलेली पँट आणायला दुकानात गेले.

“पँट तयार न्हाई,” शमशेरभाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले.

“बुधवारी देतो म्हणला होता.”

“म्हणलो होतो. पर उसवली कशी, त्याची चौकशी चालू हाय. शिलाई तीस टक्के, कापड वीस टक्के, आन् पन्नास टक्के आत बसणारा माणूस. जबाबदारी ठरली की देतो.”

दुकानात बसलेली तीन गिऱ्हाइकं हसली. दादासो घरी आले आणि पुढचा महिनाभर एकाच पँटवर ऑफिसला गेले. पण त्यांनी टक्केवारी बदलली नाही. चौकशी म्हटली की वैयक्तिक त्रास हा सोसावाच लागतो, असं त्यांनी संयोगिताबाईंना सांगितलं. संयोगिताबाई ती एकच पँट रोज रात्री धुऊन वाळत घालत असल्यामुळं त्यांनी यावर बोलणं टाळलं.

राहिला मैदानातला खड्डा. तो खरोखरच होता. लेफ्ट फील्डमध्ये मधोमध, परातीएवढा. शाळेच्या शिपायानं दोन घमेली मुरूम टाकला असता तर अर्ध्या तासात बुजला असता. पण दादासोंनी रीतसर अर्ज केला. ज्या कार्यालयात अर्ज केला त्याचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी तो दुसऱ्या कार्यालयाकडं पाठवला, आणि दुसऱ्यांनी मैदान आपल्या हद्दीत आहे की नाही हे आधी मोजावं लागेल असं कळवलं. तीन आठवड्यांनी दोन माणसं टेप घेऊन आली. त्यांनी खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली घेतली, फोटो काढले, चार बाजूंना चार लोखंडी गज ठोकले आणि त्यांना लाल फीत बांधली. पाहणी अहवाल येईपर्यंत खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही, असं बजावून ती गेली. म्हणजे आधी लेफ्ट फील्डमध्ये नुसता खड्डा होता. आता खड्डा, चार गज आणि फीत.

“प्रकरण मार्गी लागलं,” दादासो म्हणाले.

“लय भारी,” तात्याबा म्हणाले. “आता शत्रू आत येत न्हाई.”

दरम्यान मैदानावर एक फरक पडला होता. पूर्वी सरावाला पोरींचा गलका असायचा. बॉल उडाला की जिच्याकडं येईल तिनं ‘माझा, माझा!’ असं ओरडायचं, म्हणजे दुसरी मध्ये येत नाही. कधी कधी दोघी ओरडायच्या, एकमेकींवर आपटायच्या आणि हसत उठायच्या. आता दादासो खुर्ची टाकून मांडीवर वही घेऊन बसू लागल्यापासून आवाज बदलला. बॉल उडाला की दोघीतिघी थांबायच्या, एकमेकींकडं बोट करायच्या आणि म्हणायच्या, ‘तुझा, तुझा!’ बॉल मधल्या जागेत पडायचा. कुणाच्याच हाताला लागलेला नसायचा. आणि नियम असा, की हाताला न लागलेला बॉल शक्यतो कुणाची चूक धरत नाहीत. पोरींनी हा नियम शोधून काढला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गणित सुटल्याचा आनंद होता.

दादासोंच्या वहीत चुका घटत चालल्या. पहिल्या आठवड्यात एकतीस. दुसऱ्यात चौदा. चौथ्यात तीन. त्यांनी या आकड्यांचा आलेख काढून ग्रुपवर टाकला. चार जणांनी अंगठा दाखवला. शमशेरभाईंनी दाखवला नाही.

महिना संपायच्या सुमारास उत्कर्षा मॅडमनी दहिवडीच्या पोरींशी मैत्रीचा सामना ठरवला. दहिवडीचं मैदान म्हणजे माणदेशी माळाचाच एक तुकडा. गवताचं नाव नाही, जमिनीवर टप्पा पडला की बॉल कुठं उडेल हे त्या बॉललाही ठाऊक नसायचं. तिथल्या पोरींच्या हातून बॉल सुटत होते, पायाला लागत होते, एकीच्या तर हनुवटीला लागला. सुटला की पोरगी हात वर करून बॉलमागं पळायची आणि लांबून असा नेमका फेकायची की आपली धावणारी बाद. लेफ्ट फील्डची त्यांची एक किडकिडीत पोरगी तर चार बॉल सोडून बसली, आणि तिनंच आपल्या पाच जणी बाद केल्या.

आपल्या पोरी मात्र शिस्तीत होत्या. बॉल यायचा, त्या बाजूला व्हायच्या, बॉल पुढं जायचा.

सामना संपला तेव्हा दादासोंनी वहीत त्या दिवसाची नोंद केली. चोवीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या समाधानानं त्यांनी ‘निरंक’ हा शब्द क्वचितच लिहिला असेल. ‘कोरेगाव संघ: चुका निरंक. दहिवडी संघ: चुका नऊ.’ आणि खालच्या ओळीत, जरा बारीक अक्षरात, ‘निकाल: कोरेगाव सतरा-शून्यने पराभूत.’

त्यांनी वही दहिवडीच्या सरांना दाखवली. “म्हणजे तसं बघायला गेलं तर आम्ही चांगलं खेळलो.”

दहिवडीच्या सरांनी वही पाहिली, दादासोंकडं पाहिलं, आणि म्हणाले, “व्हय. चहा घ्या.”

परतीच्या एसटीत उत्कर्षा मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. दादासोंच्या शेजारी अंकिता बसली होती. पुसेगाव मागं पडल्यावर ती म्हणाली, “पप्पा, मी उद्यापासून मैदानावर येणार नाही.”

“का गं? आज तर तुझी एक पण चूक न्हाई!”

“म्हणूनच. आज तीन बॉल माझे होते. पळाले असते तर मिळाले असते. मी थांबले. पळाले आणि सुटला तर तुम्ही लिहिणार, मग खुलासा, मग ग्रुपवर सगळे.” तिनं आपला हातमोजा त्यांच्या मांडीवर ठेवला. “मागं सुटला तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज नुसती लाज वाटतीय. मला असलं खेळायचं नाही.”

पोरीवर बोट उठू नये म्हणून दादासोंनी हे सगळं उभं केलं होतं, आणि त्यापायी पोरगी बॉलला भ्यायला लागली होती. ही चूक कुणाची, हे ठरवायला त्यांना रकाने आखावे लागले नाहीत. सबंध वाट ते पोरीचा हातमोजा मांडीवर घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मॅडमकडं गेले. “मॅडम, नोंदवही बंद करायची हाय. त्याचं परिपत्रक काढू का?”

“परिपत्रक नको,” मॅडम म्हणाल्या. “रविवारी मैदानावर या. बूट घालून या. आणि सगळ्या पालकांना आणा.”

रविवारी मॅडमनी पालकांना उभं केलं आणि पोरींना बॅट दिली. सुभेदार तात्याबा फर्स्ट बेसला सावधान उभे राहिले आणि सामना संपेपर्यंत तसेच उभे होते. बॉल त्यांच्या दोन्ही बाजूंनी गेला, ते हलले नाहीत. शमशेरभाई मध्ये. आणि लेफ्ट फील्डला, चार गज आणि लाल फितीच्या शेजारी, दादासो.

अंकिता घरीच बसणार होती. पण पप्पा हातमोजा घालून उभे आहेत एवढं ऐकल्यावर ती सायकलवरून आली आणि कुंपणाशी थांबली.

पहिला बॉल दादासोंच्या नडगीला लागला. “ऊन डोळ्यावर आलं!” ते ओरडले. दुसरा डोक्यावरून गेला. “चष्मा घसरला!” तिसरा हातमोज्याच्या मागच्या बाजूला लागला, कारण हातमोजा उलटा घातला होता. चौथ्याच्या वेळी ते मागं मागं जात गेले, लाल फितीत अडकले आणि सरकारी खड्ड्यात बसले. पाहणी अहवाल यायच्या आत खड्ड्याला हात लावायचा नव्हता, पण हात सोडून बाकी सगळंच लागलं. मैदान खदखदून हसलं. शमशेरभाई तर बॉलवरची नजर काढून हसत राहिले आणि त्यांच्या पायांमधून बॉल जाऊन तिसरा रन झाला.

“ह्या खड्ड्याचं मी आधीच कळवलं होतं!” दादासो खड्ड्यातून ओरडले.

“पप्पा, हात वर करा!” कुंपणावरून अंकिता ओरडली.

“का?”

“करा तर!”

दादासोंनी खड्ड्यात बसल्या बसल्या हात वर केला. लगेच नऊ पोरी एका सुरात ओरडल्या, “पुढचा!” आणि खरंच, पुढचा बॉल टाकला गेला. कुणी काही विचारलं नाही. दादासोंच्या छातीवर कुणी कागद ठेवला नाही. चूक झाली होती, ती होऊन गेली होती, आणि आता दुसरा बॉल येत होता. बावन्न वर्षांच्या आयुष्यात इतकं मोकळं त्यांना फार क्वचित वाटलं होतं. त्यांनी पुढचे सहाही बॉल सोडले आणि सहाही वेळा हात वर केला. शेवटी शेवटी तर ते बॉल यायच्या आधीच हात वर करत होते, तेव्हा मॅडमना त्यांना समजवावं लागलं.

सामना संपल्यावर अंकिता त्यांच्याजवळ आली, त्यांच्या हातातला हातमोजा काढून घेतला आणि स्वतःच्या हातात चढवला. “असा धरायचा असतोय,” ती म्हणाली. शमशेरभाई दादासोंच्या पँटच्या मागच्या बाजूला बघत होते. “भाऊसाहेब, ही पण गेली. दोन्ही उद्या घेऊन जावा. चौकशी बंद केली.”

महिन्यानं साताऱ्याला जिल्ह्याची स्पर्धा झाली. या स्पर्धेतून जिल्ह्याचा सोळा जणींचा संघ निवडणार होते, त्यामुळं निवड समितीचे एक गृहस्थ मांडवात बसून होते. कोरेगावच्या पोरी आता पुन्हा गलका करत होत्या, आपटत होत्या, बॉल सोडत होत्या आणि मागं पळत होत्या. त्यांनी उपांत्य फेरीत दहिवडीला दोन रननं हरवलं आणि अंतिम सामन्यात साताऱ्यापुढं उभ्या राहिल्या. मुख्य गुणलेखक निवृत्त शिक्षक जयराज सर होते. त्यांच्या मदतीला प्रत्येक संघाचा एक माणूस लागतो. कोरेगावकडून दादासो बसले, कारण त्यांच्यासारखं अक्षर तालुक्यात कुणाचं नव्हतं.

शेवटचा डाव. कोरेगाव आठ, सातारा सात. साताऱ्याच्या दोघी बाद, दोघी बेसवर. एक बाद केली की करंडक कोरेगावचा. जीनतनं बॉल टाकला, साताऱ्याच्या पोरीनं बॅट फिरवली, आणि बॉल उंच, उंच उडाला. लेफ्ट फील्डला.

“माझा!” अंकिताचा आवाज मांडवापर्यंत आला.

ती लांब होती. दादासोंनी तिची पावलं मोजली नाहीत, पण वीस तरी असतील. दहिवडीला ती यातलं एकही पाऊल टाकत नव्हती. ती पळत आली, बॉलखाली पोचली, दोन्ही हात वर केले. बॉल हातमोज्यात बसला. आणि सुटला.

साताऱ्याच्या दोघी होम बेसला पोचल्या. आठ-नऊ. सामना संपला.

अंकितानं एक क्षण खाली बॉलकडं पाहिलं. मग तिनं हात वर केला, सरळ, पूर्ण. आणि मैदानावरच्या आठही पोरी घसा फोडून ओरडल्या, “पुढचा!” पुढचा बॉल नव्हताच. पंच बेस उचलत होते. तरी त्या ओरडल्या, आणि साताऱ्याच्या पोरी नाचायच्या थांबून त्यांच्याकडं बघायला लागल्या.

दादासोंच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मांडवात ऊन नव्हतं, वारा नव्हता, आणि त्यांनी तसं काही सांगितलंही नाही.

जयराज सरांनी पेन हवेत थांबवलं. माणूस भला होता. ते हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, शेवटचा बॉल. पोरगी किती लांबून आली. मी हिट लिहितो. म्हणजे बॅटिंगवालीचं कौतुक, आपल्या पोरीच्या नावावर काही नाही.” मग मान न वळवता डोळ्यांनी निवड समितीच्या गृहस्थांकडं खूण केली. “तिकडं कागदच बघतात हो. मैदान कोण बघतंय?”

दादासोंना फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले की अंकिताचं नाव कोरं. ग्रुपवर कुणाला बोलायला जागा नाही, जिल्ह्याच्या संघाचा दरवाजा उघडा. दोन महिन्यांपूर्वी यासाठी त्यांनी चौदा पानं लिहिली होती. इथं एका अक्षरात काम होत होतं.

तेवढ्यात अंकिताच मांडवाशी आली. तोंडावर धूळ, धुळीत डोळ्यांतून आलेल्या दोन रेघा. “सर, शेवटचं काय लिहिलं?”

“हिट लिहितोय, बाळ. अवघड होता.”

“नाही सर. मी खाली पोचले होते. हातात बसला होता.” आणि मग तिनं वडिलांकडं पाहिलं, काही मागत नव्हती, नुसतं पाहिलं.

दादासो उठून उभे राहिले. साहेब खोलीत आल्यावर राहतात तसे.

“सर, एरर लिहा,” ते म्हणाले. “नुसता नंबर घालू नका. अंकिता दादासो बर्गे. पूर्ण नाव लिहा.” आवाज जरा चढला होता, निवड समितीचे गृहस्थ वळून बघायला लागले. “आन् वीस पावलं पळत जाऊन हात लावला, हे लिहायला रकाना हाय का?”

“नाही हो, भाऊसाहेब.”

“मग ऱ्हाऊ द्या. नुसती एरर लिहा. पळालीच नसती तर ही पण मिळाली नसती.”

जयराज सरांनी लिहिलं. कागद सहीसाठी दादासोंकडं फिरवला. त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात सही केली. सहीखाली छापील ‘हुद्दा’ होता आणि पुढं मोकळी जागा. दादासोंनी डोळे पुसले, चष्मा नीट बसवला, आणि त्या जागेत लिहिलं, ‘अंकिताचे वडील.’ मग खाली ठिकाण, तारीख घालून कागद सरांच्या पुढ्यात सरकवला.